रेडचा स्तर ठरवताना आधी रिबिल्डचा विचार करा

रेड (RAID) म्हणजे अनेक डिस्क जोडून त्यांचा एकच संच, म्हणजे अ‍ॅरे, करण्याची पद्धत; डेटा त्या डिस्कवर कसा ठेवायचा हे स्तर ठरवतो. स्टोरेजच्या कामात नव्याने आलेली मुलं पहिला प्रश्न विचारतात तो जागेचा. त्याचं उत्तर सोपं आहे. १२ टीबीच्या सहा डिस्क असतील तर रेड ५ मध्ये ६० टीबी वापरता येतात, रेड ६ मध्ये ४८ आणि रेड १० मध्ये ३६. पण निवड या आकड्यांवर करू नका. एक डिस्क बंद पडली की पुढे काय होणार, इथून विचार सुरू करा.

रेड ५ मध्ये रिबिल्डसाठी, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभा करण्यासाठी, उरलेल्या पाचही डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात. सेकंदाला २०० एमबी वेग धरला तरी १२ टीबी लिहायला साडेसोळा तासांहून जास्त लागतात, तेही सर्व्हर रिकामा असताना. चालू कामात हेच रिबिल्ड काही दिवसांवर गेलेलं मी पाहिलं आहे. तेवढा काळ अ‍ॅरेला कसलंच संरक्षण नसतं. त्यात सगळ्या डिस्क बहुधा एकाच लॉटच्या, सारख्याच झिजलेल्या, आणि नेमका तेव्हाच त्यांच्यावर सर्वांत जास्त ताण. दुसरी गेली की अ‍ॅरे संपला. म्हणून मोठ्या हार्ड डिस्कवर रेड ५ लावायला माझा ठाम विरोध असतो. रेड ६ दोन डिस्क गेल्या तरी तग धरतं.

दुसरा प्रश्न लिखाणाचा. रेड ५ मध्ये एक छोटा बदल म्हणजे डिस्कवर चार क्रिया: जुना डेटा वाचणं, जुनी पॅरिटी (गेलेला डेटा परत काढण्यासाठी ठेवलेली जादा माहिती) वाचणं, मग दोन्ही नव्याने लिहिणं. रेड ६ मध्ये सहा, रेड १० मध्ये फक्त दोन, कारण तिथे डिस्कच्या जोड्या असतात आणि जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा (मिरर) असतो. डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीन असतील तर निम्मी जागा सोडून मी रेड १० घेतो. तिथे रिबिल्डला फक्त जोडीदार डिस्क वाचावी लागते. मात्र तोवर तोच जोडीदार गेला, तर डेटाही गेला.

रेड ० मध्ये पॅरिटी नसते आणि मिररही नसतो, म्हणून ते फक्त पुन्हा तयार करता येणाऱ्या तात्पुरत्या फायलींसाठी.

बॅकअप मात्र वेगळाच हवा. चुकून पुसलेली फाइल मिररच्या दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते.

अ‍ॅरे कामाला लावण्याआधी चाचणीचा डेटा भरा, एक डिस्क मुद्दाम काढा आणि रिबिल्ड होऊ द्या. इशाऱ्याचा मेल आला का, वेग किती घसरला, किती तास लागले, हे लिहून ठेवा.