कार्ड बिघडलं नाही, बंद आहे: स्मार्टकार्ड वापरताना या चुका टाळा

निपाणी, चिक्कोडी, खानापूर, कुठल्याही बँकेच्या काउंटरवर थोडा वेळ उभं राहा. “कार्ड चालेना, नवीन द्या” हे वाक्य कानावर पडतंच. स्मार्टकार्ड म्हणजे चिप बसवलेलं कार्ड, आणि त्यातली बरीच कार्डं धडधाकट असतात. सेटिंग बंद असते, नाहीतर पिन अडकलेला असतो. नवीन कार्डाचे पैसे भरण्याआधी खालच्या गोष्टी तपासून बघा.

जुनं चालत होतं, नवीन का चालेना?

ही सगळ्यात जास्त आढळणारी भानगड. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2020 पासून नवीन किंवा बदलून मिळालेलं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन खरेदी, टॅप करून (मशीनला नुसतं टेकवून) पैसे देणं आणि परदेशातला वापर बंदच असतो. तो आपण चालू करायचा. मुदत संपली म्हणून बँकेने घरपोच नवीन कार्ड पाठवलं, एटीएममधून पैसेही निघाले, आणि पोरीच्या कॉलेजची फी ऑनलाइन भरताना मात्र नकार आला, तर आधी बँकेच्या ॲपमधली कार्ड सेटिंग उघडा.

तिथे चालू-बंदच्या बटणाशेजारी मर्यादाही असते आणि ती प्रत्येक वापराला वेगळी. बटण चालू आहे पण मर्यादा दोन हजार आणि फी आठ हजार, तर व्यवहार होणार नाही. मशीन कारण नीट सांगत नाही, ‘डिक्लाइन्ड’ म्हणतं आणि गप्प बसतं.

पण म्हणून सगळं सरसकट चालू करून टाकू नका. टॅपने 5,000 रुपयांपर्यंत पिन न विचारता पैसे जातात. बेळगावच्या गणपत गल्लीच्या गर्दीत कार्ड पडलं तर उचलणाऱ्यालाही तेच लागू. माझं मत विचाराल तर परदेश कायम बंद, ऑनलाइन लागेल तेव्हाच चालू आणि टॅपची मर्यादा हजाराच्या आत. ॲप जमत नसेल तर हेच काम एटीएमवर, फोनवर किंवा शाखेत जाऊनही होतं.

पिनशी झटापट

दोनदा चुकला तर तिसऱ्यांदा अंदाजाने दाबू नका. एटीएमचा पिन बँकेकडे तपासला जातो, त्यामुळे अडकला तरी बँक तो सोडवू शकते किंवा नवीन देऊ शकते. सिमकार्डाचं तसं नाही, तिथे मोजणी चिपमध्येच होते. पिन तीनदा चुकला की अडकलेलं सिम उघडायला आठ आकडी पीयूके कोड लागतो आणि तोही दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद. कोड मोबाइल कंपनीकडून मिळतो, इंटरनेटवर शोधू नका.

याहून महाग पडतं ते डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, म्हणजे संगणकावर सही करायला लावतात ते पेनड्राइव्हसारखं यंत्र. टेंडर भरणारे कंत्राटदार आणि कर सल्लागार ते रोज वापरतात. त्यातही आत स्मार्टकार्डाचीच चिप असते आणि सहीची गुप्त किल्ली तिथून बाहेर काढता येत नाही, म्हणजे कॉपी ठेवायची सोय नाही. पिन लॉक झाला की कुणीतरी सांगतो, ‘इनिशियलाइझ’ करा, म्हणजे टोकन पुसून कोरं करा. लॉक निघतो खरा, पण सहीचं प्रमाणपत्रही पुसलं जातं आणि नवीन विकत घ्यावं लागतं. आधी ज्याच्याकडून टोकन घेतलं त्याला फोन करा. आणि टोकनवरच पिनची चिठ्ठी चिकटवायची पद्धत बंद करा. ती चिठ्ठी मी अनेक ऑफिसांत पाहिली आहे.

कार्डाला भोक

किल्लीच्या जुडग्यात अडकवायला काही जण कार्डाच्या कोपऱ्याला भोक पाडतात. टॅपसाठी लागणारी तारेची बारीक वेटोळी बहुतेक कार्डांत कडेकडेने फिरलेली असते. भोक तिच्यावर पडलं की तार तुटते. मग मशीनमध्ये खुपसलं तर कार्ड चालतं, टॅप केलं तर नाही, आणि माणूस मशीनला शिव्या देतो. लॅमिनेशनचंही तसंच, गरम रोलरखाली चिप देऊ नका.

चिपवरची सोनेरी पट्टी काळवंडली असेल तर कोरड्या मऊ कापडाने पुसा. पॉलिश पेपर, पेट्रोल हे उद्योग नकोत. टॅप करताना पाकिटातून एकच कार्ड बाहेर काढा, दोन एकत्र टेकवली की मशीन गोंधळतं. कोगनोळी टोलनाक्यावरचा फास्टॅग लांबून वाचला जातो म्हणून कार्डही तसंच चालेल असं नाही, ते चार-पाच सेंटिमीटरच्या आतच वाचलं जातं.

घाईने ओढलेलं कार्ड

‘रिमूव्ह कार्ड’ दिसेपर्यंत हात लावू नका. बँकेचं उत्तर आल्यावरही चिप आणि मशीनचं बोलणं थोडं शिल्लक असतं. मध्येच ओढलं तर खात्यातून पैसे वजा आणि दुकानदाराकडे पावती नाही, असा घोळ होऊ शकतो. एटीएममधून पैसे न येता खात्यातून गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते. मशीनची चिठ्ठी फेकू नका.

सीमाभागातल्या खास अडचणी

इथल्या बऱ्याच एटीएमवर कन्नड, इंग्रजी, हिंदी असे पर्याय येतात. घाईत कन्नड दाबलं गेलं आणि वाचता येत नसेल, तर अंदाजाने बटणं दाबत बसू नका. रद्द करा, कार्ड काढा आणि पुन्हा सुरुवात करा. दुसरी अडचण मोबाइल नंबरची. खातं कोल्हापूर किंवा गडहिंग्लजच्या शाखेत आणि तिथे दिलेला नंबर कधीच बंद पडलेला. ओटीपी येत नाही आणि दोष कार्डावर जातो. कार्ड महाराष्ट्रातलं म्हणून बेळगावात चालत नाही, ही निव्वळ अफवा.

आणि आधारचं पीव्हीसी कार्ड खुपसून बघू नका. त्यात चिप नाही, क्यूआर कोड आहे.

एवढं करूनही बँक दाद देत नसेल तर लेखी तक्रार करून पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. त्यासाठी माहिती 14448 या नंबरवर मिळते, तिथे मराठीतही बोलता येतं.