गळाच्या रॉडवर फोड आले? ओल कशी रोखावी आणि फिनिश कसं सावरावं

सोलापूरची हवा कोरडी, इथे ओलीने रॉडचं काय बिघडणार, असं मलाही वाटायचं. गेल्या भाद्रपदात उजनीच्या फुगवट्यावरून अंधार पडल्यावर परतलो. रॉड ओलाच कापडी पिशवीत घातला, पिशवी प्लॅस्टिकच्या नळीत सारली आणि नळी आठ दिवस पत्र्याच्या खोलीत तशीच राहिली. उघडून पाहतो तर मुठीच्या वर वीतभर साबुदाण्यासारखे बारीक फोड. बोट फिरवलं की खरखर लागे.

रॉडच्या कार्बनच्या किंवा फायबरच्या कांडीवर रंग असतो, त्यावर पारदर्शक थर. हा थर पाणी अडवतो, पण वाफ हळूहळू त्यातूनही झिरपते. ओलं कापड दिवसेंदिवस चिकटून राहिलं आणि वरून पत्रा तापला, की ती थराखाली शिरते आणि थर सुटून फुगतो. उघड्यावर दिवसभर पावसात भिजलेल्या रॉडला सहसा काही होत नाही, बंद पिशवीतल्याला होतं.

म्हणून घरी आल्यावर आधी रॉडचे दोन्ही भाग वेगळे करा. जोडात पाणी आणि गाळ अडकतो, तो साध्या पाण्याने धुवा. मग जुन्या, झिजलेल्या सोलापुरी टॉवेलने पुसा. नव्याचे धागे गाईडच्या, म्हणजे गळाची दोरी ओवायच्या, कड्यांत अडकतात, जुना अंगासरशी फिरतो. रात्रभर पंख्याखाली, सावलीत ठेवा. पिशवी वेगळी दोरीवर वाळवा, हे बहुतेक जण विसरतात. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत रॉड ठेवूच नका. हंगामाच्या सुरुवातीला कांडीवर गाडीच्या वॅक्सचा पातळ हात फिरवला तर पाणी थेंब होऊन ओघळतं. कॉर्कच्या मुठीला मात्र वॅक्स लावू नका.

फोड आलेच असतील तर घाई करू नका. आठवडाभर कोरड्या सावलीत ठेवा; बारीक फोड कधीकधी आपोआप बसतात. दुधाळ डाग राहिला तर हेअर ड्रायर अगदी मंद ठेवून वीतभर अंतरावरून फिरवा. तुमच्या हाताला चटका बसत असेल तर रॉडलाही तो जास्तच आहे.

थर सुटून पोपडे आले असतील तरच घासायचं. सुटलेला भाग नखाने काढा. गाड्यांना रंग देणारे वापरतात तो वॉटर पेपर आणा, आधी ८०० नंबरचा, मग १२०० चा. पाणी लावून फक्त कडा सपाट करा. कांडीचे धागे दिसू लागले की तिथेच थांबा, कारण धागा कापला गेला तर रॉड त्याच जागी मोडतो. नंतर पूर्ण वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पुन्हा बोट लावू नका.

आता इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळून कडक होणारा पारदर्शक लेप. रॉडसाठी मिळतं तेच, दोन बाटल्यांचं घ्या. पाकिटावरच्या प्रमाणात, मेडिकलमधल्या दोन वेगवेगळ्या सिरिंजनी मोजा. अंदाजाने घातलं तर ते चिकटच राहतं. तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, जोरात ढवळलं की बुडबुडे शिरतात. ब्रशने अगदी पातळ थर द्या. रॉड आडवा ठेवून पहिला तासभर दर पाच मिनिटांनी अर्धा वळसा फिरवत राहा, नाहीतर खाली थेंब लोंबतो. पुढचे २४ तास धूळ लागू देऊ नका. सप्टेंबरच्या पावसाळी दिवशी हे काम काढू नका: दमट हवेत इपॉक्सीवर पांढुरका, चिकट थर येतो. आमच्याकडे दिवाळीनंतरची कोरडी हवा यासाठी उत्तम.

गाईडच्या पायाशी भेग आणि गंजाचा तांबूस डाग दिसला तर वरून इपॉक्सी फासून उपयोग नाही, गंज आत वाढत राहतो. गाईडचा पाय कांडीला बांधणारा दोरा काढावाच लागतो. ब्लेड गाईडच्या धातूच्या पायावर, वरच्या बाजूने चालवा, कांडीकडे कधीच नाही. गंज घासून काढा, गाईड मास्किंग टेपने बसवा, आणि शेवटी ती टेप काढत नवा दोरा घट्ट, वेढ्याला वेढा लागून गुंडाळा. मग वरच्यासारखंच इपॉक्सी. माझ्या रॉडचे तिसरे आणि चौथे गाईड असेच बसवले आहेत, आणि त्याच रॉडवर हिप्परग्याला परवा दोन किलोची मरळ आली.