सगळे दाराशीच का थांबतात?

नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झाले होते. एका इंजिनीअरिंग कॉलेजचं वायफाय आमच्या कंपनीकडे होतं. सभागृहात ऑनलाइन चाचणी, दीडशेवर मुलं, छताला चार एपी (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा सिग्नल देणारे डबे). पेपर सुरू व्हायला दहा मिनिटं असताना फोन आला, "रेंज फुल दाखवतंय, पण पेज उघडत नाही." कंट्रोलर (सगळे एपी एका जागेवरून सांभाळणारी यंत्रणा) उघडून पाहिलं तर दाराजवळच्या एपीवर ९४ क्लायंट (जोडलेले फोन, लॅपटॉप) आणि स्टेजजवळच्यावर ७.

कारण साधं होतं. मुलं दारातून आत आली, फोनला आधी दाराचा एपी सापडला आणि तो त्यालाच जोडला गेला. मुलगा पुढच्या रांगेत जाऊन बसला तरी सिग्नल -६२ डीबीएमच्या आसपास (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार), म्हणजे फोनच्या मते सगळं छान चाललंय. आयफोन दुसरा एपी शोधायला लागतो तो सिग्नल -७० डीबीएमच्या खाली घसरल्यावर. हे ॲपलनंच लिहून ठेवलंय. अँड्रॉइडमध्ये हा आकडा कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलतो.

या कामात नवीन असाल तर हे आधी डोक्यात पक्कं करा: कुठल्या एपीला जोडायचं ते क्लायंट ठरवतो, आपण नाही. एसटीचा कंडक्टर "पुढं सरका, पुढं मोकळं आहे" म्हणून ओरडतो, तेवढाच अधिकार कंट्रोलरला. ८०२.११ हे वायफायचं मानक; त्यातल्या ८०२.११व्ही मध्ये एपी फोनला "त्या शेजारच्याकडे जा" असं सुचवू शकतो आणि ८०२.११के मुळे शेजाऱ्यांची यादी हातात देऊ शकतो. ऐकायचं की नाही ते फोनच्या मर्जीवर. याउपर एकच हत्यार उरतं, ते म्हणजे नकार.

मी नेमकं तेच उचललं. एपीतल्या दर रेडिओला जास्तीत जास्त ३५ क्लायंट अशी मर्यादा टाकली आणि सेव्ह दाबलं. सेटिंग बदललं की आमच्या एपीचा रेडिओ पुन्हा सुरू व्हायचा, हे मला माहीत नव्हतं. सगळं सभागृह एका क्षणात ऑफलाइन. मग सगळे एकदम परत आले, पुन्हा दाराच्याच एपीवर, आणि पस्तिसाव्यानंतर प्रत्येकाला "आणखी क्लायंट घेता येत नाहीत" हा नकार. काही फोन शहाणे, दुसरीकडे गेले. काही त्याच दारावर धडका देत राहिले. दोन-तीन जुन्या लॅपटॉपांनी तर नादच सोडला. पेपर चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला. त्या दिवशीचा चहा मला गोड लागला नाही.

संध्याकाळी आमचे सीनियर सर म्हणाले, "डोकी मोजू नकोस, हवा मोज." चॅनेल, म्हणजे एपी आणि फोन ज्यावर बोलतात तो हवेतला पट्टा, एका वेळी एकालाच बोलू देतो, त्यामुळे खरा भार क्लायंटच्या संख्येचा नसतो, वापरलेल्या वेळेचा असतो. १५०० बाइटचं पॅकेट ३०० एमबीपीएसनं पाठवायला ०.०४ मिलिसेकंद लागतात; तेच ६ एमबीपीएसनं पाठवलं तर २ मिलिसेकंद, पन्नासपट. (दर पॅकेटमागे जाणारा वरचा वेळ धरलेला नाही, तरी कल्पना येते.) म्हणजे लांबून चिकटून बसलेला एक फोन जवळच्या कित्येकांचा वेळ खातो. तेव्हापासून मी क्लायंटच्या रकान्याआधी चॅनेल युटिलायझेशन, म्हणजे चॅनेल किती टक्के वेळ व्यापलेला आहे ते, बघतो. ५० क्लायंट आणि ३० टक्के असेल तर हात लावत नाही. १२ क्लायंट आणि ८० टक्के असेल तर शिडी काढतो.

सुट्टीत सभागृहाचं काम केलं, तेव्हा कुणालाही ढकललं नाही. फोनला स्वतःहून बरोबर निवड करता येईल अशी खोली केली. एपीची पॉवर २० डीबीएमवरून १४ वर आणली, म्हणजे १०० मिलीवॅटवरून २५ वर. एपी ओरडून बोलतो आणि फोनचा आवाज बारीक, अशा वेळी फोनला एपी जवळ वाटतो पण त्याचं बोलणं एपीपर्यंत नीट पोचत नाही. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६, ११ एवढेच तीन चॅनेल एकमेकांच्या पायात येत नाहीत, म्हणून चारपैकी दोन एपींवर तो बँड बंदच केला. ५ गिगाहर्ट्झवर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली, म्हणजे जास्त वेगळे चॅनेल मिळतात. ८० वर स्पीड टेस्टचा आकडा डोळे दिपवतो, पण गर्दीत आकड्यापेक्षा वेगळे चॅनेल जास्त असणं कामाचं.

आणि १२ एमबीपीएसखालचे सगळे रेट, म्हणजे पाठवायचे वेग, बंद केले. याचा फायदा सगळ्यात मोठा: दूरच्या फोनला तो एपी परवडेनासा होतो, आणि दर सेकंदाला दहाएक वेळा जाणारा बीकनही (एपीची "मी इथे आहे" ही हाक) वेगानं उरकतो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीतून ग्रंथपालबाईंचा फोन. पुस्तकं देवघेवीचं बारकोड मशीन मुकं झालं होतं. मी या सेटिंगांचं प्रोफाइल सगळ्या कॅम्पसला लावलं होतं आणि ते मशीन ८०२.११बी या जुन्या वायफायच्या काळातलं, ११ एमबीपीएसच्या वर त्याला बोलताच येत नाही. ग्रंथालयात एका एपीवर त्याच्यापुरता वेगळा एसएसआयडी (वायफायचं नाव) काढून जुने रेट तिथे चालू ठेवले. तो अजून आहे. बाई दर वेळी विचारतात, "आज काही बदलणार नाही ना?"