अपडेटनंतर स्क्रीन बिघडली? फॉरमॅट मारायच्या आधी या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या मशीन्सची तक्रार ठरलेली. विंडोज ११ टाकलं आणि सॉफ्टवेअर धुरकट दिसतंय, मेनू अर्धे कापलेत, टूलबार मुंगीएवढे झालेत. बिघाड बहुतेक वेळा छोटाच असतो हो, पण माणसं घाबरून त्याचा मोठा करतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे थेट फॉरमॅट, म्हणजे सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकणं. गेल्या लग्नसराईत एका डीटीपीवाल्या, म्हणजे छपाईचा मजकूर कॉम्प्युटरवर जुळवणाऱ्या, दादांचा फोन आला, अपडेटनंतर स्क्रीनवरची अक्षरं जाडजूड आणि फिकट दिसत होती म्हणून कुणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी रातोरात मशीन फॉरमॅट केलं होतं. डेटा डी ड्राइव्हला होता, तो वाचला. पण जुने मराठी फॉन्ट सीमध्ये, ते गेले. हे फॉन्ट युनिकोड (सगळीकडे सारखं चालणारं अक्षरांचं प्रमाण) नाहीत, त्यामुळे फॉन्ट नसला की मजकूर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो, पत्रिकेत वधूच्या नावाच्या जागी कंस आणि स्वल्पविराम. दुसऱ्या दिवशी चाळीस पत्रिका द्यायच्या होत्या. आणि एवढं करून स्क्रीन तशीच फिकट! मी डिव्हाइस मॅनेजर (मशीनमधल्या हार्डवेअरची विंडोजमधली यादी) उघडून डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स बघितलं तर तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर', म्हणजे ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, विंडोजला ग्राफिक्स कार्ड चालवू देणारं सॉफ्टवेअर, बसलेलाच नाही. तो टाकला, दहा मिनिटांत स्क्रीन लख्ख. फॉन्ट मात्र जुन्या पेनड्राइव्हमधून शोधायला अख्खी रात्र गेली. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून हे लिहितोय.

म्हणून माझी सवय सांगतो, आधी डिव्हाइस मॅनेजर, मग बाकीचं. ड्रायव्हर कार्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरूनच, मॉडेल नंबर बघून घ्यायचा. नवीन ड्रायव्हरनेच घोळ केला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डच्या प्रॉपर्टीजमध्ये जुना ड्रायव्हर परत आणणारं 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे. ते 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' वाले फुकट सॉफ्टवेअर कृपा करून टाकू नका.

दुसरं, एकच सॉफ्टवेअर धुरकट आणि बाकी सगळं स्वच्छ, तर ड्रायव्हरला हात लावू नका. हा स्केलिंगचा, म्हणजे विंडोज सगळं किती टक्के मोठं दाखवतं त्याचा प्रश्न. जुनं सॉफ्टवेअर १०० टक्क्यांसाठी, म्हणजे ९६ डीपीआयसाठी (इंचामागे ९६ ठिपके) बनवलेलं, आणि विंडोज १२५ किंवा १५० टक्क्यांवर चालू, मग विंडोज त्याचं चित्र ताणून मोठं करतं. त्या सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कॉम्पॅटिबिलिटी, हाय डीपीआय सेटिंग्ज, तिथे 'ओव्हरराइड'ला टिक करून 'सिस्टम एनहान्स्ड' निवडा, सॉफ्टवेअर बंद करून परत उघडा. नाही जमलं तर 'अ‍ॅप्लिकेशन' निवडून बघा, अक्षरं बारीक होतील पण स्वच्छ दिसतील.

रिझोल्युशन कमी करून अक्षरं मोठी करू नका, सगळंच धुरकट होतं.

स्क्रीन अचानक काळी पडली तर लगेच पॉवर बटण दाबून धरू नका. आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो.

आणि एका वेळी एकच बदल करा, रीस्टार्ट, मग बघा. नवशिक्यांना एवढाही धीर नसतो, व्हिडिओ बघून पाच सेटिंग एकदम बदलतात आणि मग कशाने बिघडलं ते त्यांनाही सांगता येत नाही.

काहीच जमलं नाही तर अकरावर गेल्यापासून साधारण १० दिवस सेटिंग्जच्या रिकव्हरीमध्ये जुन्या विंडोजवर परत नेणारं 'गो बॅक' मिळतं. तेवढ्या दिवसांत डिस्क क्लीनअप करताना 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'वर टिक करू नका, परत जायला लागणाऱ्या फाइल्स त्याच असतात.