घोड्याच्या गळ्याला गाठ आली की ब्लेड शोधू नका: स्ट्रँगल्समध्ये या चुका टाळा

दत्त जयंतीची सारंगखेड्याची यात्रा, म्हणजे घोड्यांचा बाजार, उरकली की नाशिकमध्ये माझा फोन सुरू होतो. नवीन घोडा आणलाय, आठवडाभर बरा होता, आता नाक वाहतंय, चारा टाकलाय, जबड्याखाली सुजलंय. आणि पुढचं वाक्य ठरलेलं, "डॉक्टर, शनिवारी वरात आहे, काहीतरी जोरात सुई मारा." अशी सुई नसते भाऊ. हा स्ट्रँगल्स आहे, स्ट्रेप्टोकोकस इक्वाय नावाच्या जंतूचा आजार, आणि बहुतेक घोडी यातून नीट बरी होतात जर आपण मधे मधे हात घातला नाही तर.

कडक गाठ कापणं

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. गाठ दिसली म्हणजे आत पू तयार आहे असं नसतं, पिकायला आठवडा लागतो, कधी तीन-चार आठवडे पण जातात. पंचवटीतली एक नुकरा म्हणजे पांढरी घोडी, वरातीची, दिसायला एक नंबर. मालकाला घाई होती, नाल मारायला येणारा म्हणाला मी कितीतरी गाठी फोडल्यात, आणि दाढीच्या ब्लेडने जबड्याच्या कडेला चीर दिली. पू थेंबभर नाही, रक्त मात्र थांबेना. मी पोचलो तेव्हा जखमेत हळद कोंबलेली, वरून उपरणं आवळलेलं आणि घोडी थरथरतेय. तिथून चेहऱ्याची मोठी रक्तवाहिनी जाते आणि तिच्या शेजारूनच लाळेची नळी वर वळते, ती नळीच कापली गेली होती. रक्त थांबवलं, पण नंतर कितीतरी दिवस घोडी घास चावायला लागली की जखमेतून लाळेची धार, चावायची थांबली की धार बंद. आणि खरी गाठ दोन बोटं बाजूला आपली आपण पिकून फुटली!

मी काय करतो, कोमट मिठाच्या पाण्यात टॉवेल पिळून दिवसातून तीन-चार वेळा शेक द्यायला सांगतो, बास. गाठीवरचे केस गळायला लागले, चिकट पाणी पाझरायला लागलं, बोटाने दाबलं की मधोमध खड्डा पडतोय, तर पिकली. मग सगळ्यात खालच्या मऊ जागी छेद द्यायचा म्हणजे पू साचत नाही, आणि फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ बिटाडीन करून रोज धुवायचं. घट्ट बिटाडीन ओतलं की लवकर बरं होतं हे कोणी सांगितलं माहीत नाही, आतलं मांस जळतं त्याने.

दोन दिवस पेनिसिलीन

मेडिकलवरून आणून दोन दिवस टोचतात, ताप उतरतो, घोडा खायला लागतो, सुई बंद, घोडा वरातीला. आठवड्यात परत ताप आणि गाठ अर्धी कच्चीच. गाठ धरल्यावर अँटिबायोटिक दिलं तर ती पिकायची लांबते, आणि एकदम पहिल्या तापाला, गाठ यायच्या आत दिलं तर आजार थांबू शकतो पण मग प्रतिकारशक्ती पण नीट तयार होत नाही, त्याच तबेल्यात ठेवलात तर परत पकडेल. म्हणून साधा ताप आणि गाठ असेल तर मी पेनिसिलीन देतच नाही, मालक नाराज होतात, होऊ द्या. पण श्वास घेताना घरघर येतेय, मान पुढे ताणून उभा आहे, पाणी प्यायलं की नाकातून परत येतंय, तर थांबायचं नाही. घशामागच्या गाठींनी श्वासाची वाट दाबली जाते, तिथे पेनिसिलीन पूर्ण डोसमध्ये, किलोमागे 22,000 युनिट दिवसातून दोनदा, आणि गरज पडली तर श्वासनळीला भोक पाडून नळी बसवावी लागते. हे रात्री अकराला नाही, दुपारी कळवा. आणि प्रोकेन पेनिसिलीन शिरेत गेलं तर घोडा जागेवर कोसळू शकतो, तेव्हा स्वतः टोचू नका.

सगळी वाहणारी नाकं स्ट्रँगल्सची नसतात

ग्लँडर्स हा घोड्यांचा दुसरा जंतूचा आजार लक्षात ठेवा. नाकातून चिकट पू, बऱ्याचदा एकाच नाकपुडीतून, नाकाच्या आत व्रण, मागच्या पायांच्या आतल्या बाजूला गाठींची रांग, असं असेल तर हात लावायच्या आधी ग्लोव्हज. हा माणसाला होतो आणि जीव घेतो. 2009 च्या जनावरांच्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यात हा कळवावा लागतो, सरकारी दवाखान्यातून रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. पॉझिटिव्ह जनावर मारावं लागतं म्हणून लोक लपवतात. पोरं त्याच तबेल्यात झोपतात याचा तरी विचार करा.

आणि गळा सुजलाय म्हणून गाई-म्हशींची घटसर्पाची लस घोड्याला टोचू नका, तो जंतूच वेगळा.

नवीन घोडा सरळ दावणीला

नवीन आणलेला तीन आठवडे लांब, बादली वेगळी, खरारा वेगळा, त्याला बघणारा माणूस शेवटी त्याच्याकडे जाणार. उन्हात हा जंतू लवकर मरतो पण पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतो, आणि आपल्याकडे हौद एकच असतो सगळ्यांना. बाकीच्यांचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजा. 99 ते 101 फॅरेनहाइट नॉर्मल, 102 च्या वर गेला की त्याच तासाला वेगळा बांधा, कारण ताप आल्यावर एक-दोन दिवसांनी तो जंतू सोडायला लागतो, तेवढीच संधी मिळते. ताप मोजायच्या आधी पेनकिलर देऊ नका, आकडा खोटा येतो.

गाठ सुकली म्हणजे संपलं

नाही संपलं. घशाच्या वर दोन पोकळ पिशव्या असतात, गटरल पाऊच, तिथे पू साचून त्याचे खडे होतात आणि वरून ठणठणीत दिसणारा घोडा महिनोन्‌महिने जंतू सोडत राहतो. साधारण 10 टक्के घोडी अशी राहतात. दरवर्षी शिंगरांनाच कसं काय होतं विचारतात, अहो त्यांच्या शेजारीच बांधलाय की तो! लक्षणं गेल्यावर तीन आठवडे थांबून स्कोपने (नाकातून घालायची कॅमेऱ्याची नळी) पाऊच धुऊन त्या पाण्याची पीसीआर तपासणी करा. माझ्याकडे स्कोप नाही, म्हणून मी आठवड्याच्या अंतराने तीन वेळा नाक-घशाचं पाणी पाठवतो. खर्च होतो, पण हेच टाळून पुढच्या सीझनला अख्खा तबेला बसवलेले मालक मी बघितलेत.

बरा झाल्यावर महिनाभरात परत ताप, हळूहळू वाळत चाललाय, मधेच पोट दुखतंय, तर पोटातल्या गाठींचा संशय घ्या, त्याला आठवडेच्या आठवडे औषध लागतं.

आणि दोन ते चार आठवड्यांनी चारही पाय एकदम सुजले, सूज वर कडेला रेघ मारल्यासारखी संपतेय, तर "उभा राहून पाय भरलेत" म्हणत फिरवत बसू नका. ओठ उचलून हिरड्या बघा, बारीक लाल ठिपके असतील तर तो पर्प्युरा आहे, शरीर स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटलेलं असतं, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड लागतं आणि त्याच दिवशी लागतं.