पेंगणाऱ्या बाळाला रात्री दूध कसे पाजावे

झोपेत असलेल्या बाळाला पाजले तर दूध छातीत जाते, म्हणून कधीच पाजू नये, असे एक जण सांगतो. बाळ झोपेतच जास्त पिते, तेव्हा बोंडल्याने, म्हणजे दूध पाजायच्या चोचीच्या भांड्याने, थोडे थोडे सोडत राहा, असे दुसरा सांगतो. या दोन्ही सल्ल्यांनी घराघरांतल्या बाळंतिणींना पुरते गोंधळात टाकले आहे. जे बाळ स्वतः ओढते आणि गिळते, ते डोळे मिटून प्यायले तरी चालते. जे बाळ ओढत नाही, त्याच्या तोंडात दूध ओतणे दिवसा, रात्री, कधीही सुरक्षित नाही. धोका झोपेत कमी आणि ओतण्यात अधिक आहे, कारण अंगावरचे दूध मुख्यतः बाळाने ओढल्यावर येते आणि चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांची सांगड बाळ आपल्या गतीने घालते. पळीतले, बोंडल्यातले किंवा बाटलीतले दूध मात्र बाळ तयार असो वा नसो, घशात उतरतच राहते.

गावातील बाळंतिणींच्या घरी जाण्याचे काम मी आशा कार्यकर्ती म्हणून बरीच वर्षे करते आहे, आणि रात्रीच्या पाजण्याची पद्धत मी प्रत्येक घरी याच क्रमाने सांगते.

आधी उठवायचे की नाही ते ठरवा

नवजात बाळाला 24 तासांत 8 ते 12 वेळा दूध लागते, आणि त्यातली काही पाजणी रात्रीच येतात. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, ते साधारण दोन आठवड्यांत पुन्हा जन्मवजनाला येते. तोवर रात्री तीन तासांच्या वर बाळाला उपाशी झोपू देऊ नये. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ असेल, तर दोन-दोन तासांनी उठवावे. अशा बाळाला भूक लागली तरी रडण्याइतके बळ नसते. वजन नीट वाढू लागले, दिवसाला सहा किंवा त्याहून जास्त लंगोट ओले होऊ लागले आणि नर्सबाईंनी होकार दिला, की मग घड्याळ बाजूला ठेवावे आणि बाळ मागेल तेव्हा पाजावे.

“लेकरू मोठं गुनाचं हाये ताई, रातभर उठतच नाई,” असे आजी कौतुकाने सांगतात, तेव्हा मी आधी बाळाचे लंगोट किती ओले झाले ते विचारते आणि मगच कौतुकात सामील होते.

उठवणे

या कामातला सगळ्यात अवघड टप्पा हाच आहे, आणि तो मला स्वतःला उमगायलाही बराच काळ लागला. बाळ गाढ झोपेत असताना कितीही खटाटोप केला तरी ते पीत नाही, आणि आई रडकुंडीला येते. म्हणून आधी बाळाकडे नीट पाहावे. गाढ झोपेत बाळाचा हात उचलून सोडला तर तो ओल्या फडक्यासारखा खाली पडतो, चेहरा स्थिर असतो आणि श्वास एका लयीत चालतो. झोप हलकी झाली की मिटल्या पापण्यांखाली बुबुळे फिरू लागतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, हात तोंडाकडे जातो आणि मान इकडे-तिकडे वळते. पाजण्याची खरी वेळ ही आहे, आणि रडेपर्यंत वाट पाहण्याची काहीच गरज नाही. गाढ झोपेत दिसले तर दहा-पंधरा मिनिटे थांबून पुन्हा पाहावे. तीन तास उलटून गेले असतील, तर मात्र थांबू नये.

उठवताना पहिले काम म्हणजे बाळाला मोकळे करणे. आपल्याकडे थंडीत बाळाला टोपरे, कुंची, दोन दुपटी आणि वर गोधडी असे बांधून ठेवतात, आणि काही घरांत अजूनही बाजेखाली शेगडी असते. इतक्या उबेत मोठा माणूसही जागा राहणार नाही. शिवाय बंद खोलीतल्या शेगडीच्या धुराने बाळाच्या आणि बाळंतिणीच्या जिवाला धोका असतो, म्हणून ती शेगडी आधी खोलीबाहेर काढावी, ही माझी अट असते. मग कुंची सोडावी, लंगोट बदलावा आणि बाळाला फक्त लंगोटावर आईच्या उघड्या छातीशी धरून पाठीवरून पांघरूण घ्यावे. बाळाचा चेहरा मात्र उघडा राहिला पाहिजे. आईच्या अंगाची ऊब बाळाला गार पडू देत नाही, आणि कातडीला कातडी लागली की बहुतेक बाळे आपणहून तोंड वळवतात.

एवढ्याने जागे झाले नाही, तर तळव्यांवर अंगठा फिरवावा, पाठीच्या कण्यालगत खालून वर हात चोळावा, गालावर ओलसर फडके टेकवावे. गार पाणी शिंपडणे, टिचकी मारणे, चिमटे काढणे आणि नाकात फुंकर घालणे हे प्रकार मी कुणाच्याही घरी चालू देत नाही. बाळ त्याने दचकते आणि रडते, पण पीत नाही. डोळ्यांवर मोबाइलचा टॉर्च मारण्यानेही काही साधत नाही, कारण उजेडात बाळ डोळे आणखी घट्ट मिटते. खोलीत मंद उजेड ठेवावा.

मग हाताने दुधाचे एक-दोन थेंब काढून ते बाळाच्या ओठांवर लावावेत. बाळाने जीभ बाहेर काढून ते चाटले आणि तोंड मोठे उघडले, म्हणजे ते पिण्याइतके जागे आहे, मग डोळे मिटलेले असले तरी हरकत नाही. थेंब ओठावरून ओघळून गेला आणि बाळाने काहीच केले नाही, तर ते अजून पिण्याइतके जागे नाही. अशा वेळी हनुवटी दाबून तोंड उघडायचे नाही आणि आत काही घालायचे नाही. पुन्हा छातीशी धरावे, पुन्हा पाठ चोळावी, आणि पाच-दहा मिनिटांनी तोच थेंब पुन्हा लावून पाहावा.

पाजणे

बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले, कान-खांदा-कंबर एका रेषेत आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग शक्य तितका तोंडात, एवढे जमले की पुरे. त्यानंतर कानाजवळचा जबडा पाहावा. सुरुवातीला भराभर चोखणे होते, दूध उतरले की जबडा सावकाश आणि खोल हलतो, आणि मध्येच गिळल्याचा बारीक आवाज येतो. नुसती ओठांची चुळबुळ चालू असेल, तर ते पिणे नव्हे. बाळ पेंगू लागले की स्तन हाताने हलकेच दाबावा, म्हणजे दुधाची धार वाढते आणि बाळ पुन्हा ओढू लागते. तरीही थांबले तर बाजू बदलावी.

बाळाला अंगावर ओढता येत नसेल आणि डॉक्टरांनी काढलेले दूध द्यायला सांगितले असेल, तर बाळाला जवळजवळ बसते धरावे, वाटीची कड खालच्या ओठाला टेकवावी आणि बाळाने स्वतः ओढेपर्यंत थांबावे. पळी किंवा बोंडले वापरायचे असेल तर थोडेसे दूध ओठाच्या कडेला सोडावे, आणि ते गिळलेले दिसल्याशिवाय पुढचे देऊ नये. बाळाला उताणे टाकून, नाक दाबून बोंडले रिकामे करण्याची जुनी रीत अजून काही घरांत दिसते. ती सरळसरळ जीवघेणी आहे. सहा महिन्यांपर्यंत पाणी, गुटी, साखरपाणी काहीही नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यातही नको, कारण अंगावरच्या दुधात बहुतांश पाणीच असते. मध तर वर्षभर द्यायचा नाही. मोठ्या बाळाच्या बाबतीतही तोच नियम: डोळ्यांवर झोप असलेल्या लेकराच्या तोंडात वरणभाताचा घास कोंबू नये.

ठसका लागला, तर बाळाला लगेच कुशीवर वळवून डोके थोडे खाली करावे आणि तोंडातले दूध पुसून काढावे. टाळूवर फुंकर मारत बसू नये. बाळाचा आवाजच फुटत नसेल किंवा ते निळे पडू लागले, तर त्याला हातावर पालथे, डोके खाली असे धरून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पंज्याने पाच थापा माराव्यात, आणि दुसऱ्या कुणाला तरी 108 ला फोन लावायला सांगावे.

पाजून झाल्यावर

खांद्यावर उभे धरून ढेकर काढावी. आली नाही तरी थोडा वेळ धरून ठेवून मग निजवावे.

खरी काळजी पुढे आहे. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई रात्री दोन वाजता भिंतीला टेकून पाजता पाजता डुलकी घेणारच, आणि मांडीवरचे बाळ तिच्या अंगात किंवा पदरात दबू शकते. त्यापेक्षा कुशीवर निजून पाजणे बरे, पण त्याला अटी आहेत. सुतळीची बाज मध्ये खोलगट असते आणि बाळ घसरत आईच्या अंगाखाली येते, म्हणून जमिनीवर सपाट, घट्ट अंथरूण घालावे. विंचू-सापाच्या भीतीने बायका खाली निजायला तयार नसतात, आणि ती भीती खरी आहे; तेव्हा मच्छरदाणी लावून तिची कड चारही बाजूंनी अंथरुणाखाली दाबून टाकावी. बाळाजवळ उशी किंवा जड गोधडी नसावी, मोहरीची उशीसुद्धा नाही. प्यायल्यानंतर बाळाला हाताच्या अंतरावर स्वतंत्र दुपट्यावर उताणे निजवावे. घरात कुणी बिडी ओढत असेल, अंथरुणात दारू प्यालेला माणूस असेल, आईने झोपेचे औषध घेतले असेल किंवा बाळ कमी वजनाचे असेल, तर एका अंथरुणात मुळीच नको. हे सांगताना घरातील पुरुष मंडळी नाराज होतात, म्हणून मी ते त्यांच्यासमोरच सांगते.

बाळ उठतच नसेल तर

वरचे सगळे करूनही बाळ जागे होत नसेल, किंवा काल चांगले ओढणारे बाळ आज ओढेनासे झाले असेल, तर ती झोप नव्हे, आजार आहे असे समजून चालावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले, आणि त्या कामाचा अभ्यास 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या बायकांना जंतुसंसर्ग ओळखायला जी लक्षणे शिकवली होती, त्यांत दूध ओढणे मंदावणे, रडणे क्षीण होणे आणि बाळ सुस्त पडणे ही लक्षणे होती. आज आम्ही आशा दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जातो, तेव्हा तेच पाहतो. पण आजार आमच्या भेटीच्या दिवसाची वाट पाहत नाही.

अंग गार किंवा तापलेले लागणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, पोट फुगणे, तळहात-तळपायांपर्यंत कातडी पिवळी दिसणे, यांतले एक जरी लक्षण झोपाळूपणासोबत दिसले, तरी सकाळ होऊ देऊ नये. 102 किंवा 108 ला फोन करावा आणि आशाताईला उठवावे, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचा उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे, त्यामुळे पैशाच्या विचाराने थांबू नये. गाडी येईपर्यंत आणि वाटेतही बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घेऊन धरावे. ओढत असेल तरच अंगावर घ्यावे. ओढत नसेल तर पळीने काहीही पाजू नये आणि शेवटचे दूध किती वाजता प्यायले ते डॉक्टरांना सांगावे.