रात्रभराचं ब्रिस्केट, संध्याकाळी सातचं जेवण: वेळ कशी बसवावी

टेक्सासच्या पद्धतीचं ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचा अख्खा तुकडा, लाकडाच्या मंद धुरावर तासन्‌तास शिजवलेला. पाहुणे सातला जेवणार असतील तर हिशेब सातपासून उलटा मांडा, पण मांस तयार व्हायची वेळ दुपारी एक-दोनची धरा. शिजलेलं ब्रिस्केट गरम जागी चार-पाच तास खुशाल थांबतं, उलट जास्त रसाळ होतं. अर्धवट शिजलेलं मात्र पाहुण्यांसाठी घाई करत नाही.

खालच्या वेळा १३ पौंडी (सुमारे ६ किलो) तुकड्याच्या आहेत. जाळीजवळ २५० अंश फॅरनहाइट (पुढचे सगळे अंशही फॅरनहाइटच) ठेवलं तर पौंडाला एक ते सव्वा तास लागतो. एवढ्यात दहा-बारा जण जेवतात, कारण शिजताना वजन जवळपास निम्मं होतं.

आदल्या दिवशी, दुपारी. फ्रिजमधून काढल्या काढल्या चरबी कापा. थंड असली की सुरी नीट चालते. वरचा थर पाव इंच राहू द्या. ‘फ्लॅट’ (पातळ, कमी चरबीचा भाग) आणि ‘पॉइंट’ (जाड, चरबीदार भाग) यांच्यामधली टणक गाठ वितळत नाही, ती काढून टाका. फ्लॅटची पातळ कड गोलाकार छाटा, नाहीतर ती करपते. पाव कप जाडं मीठ आणि पाव कप भरड मिरी सगळीकडे चोळा आणि न झाकता परत फ्रिजमध्ये ठेवा.

रात्री ९. स्मोकर (धुरावर मांस शिजवायची बंद भट्टी) पेटवा, घराच्या भिंतीपासून दूर, उघड्यावर. गॅरेजमध्ये कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. मध्य टेक्सासात पोस्ट ओक या झाडाचं लाकूड वापरतात. रात्रभर झोपायचं असेल तर पेलेट (लाकडाच्या गोळ्या आपोआप घालणारा) किंवा कामाडो (जाड सिरॅमिकचा, कोळशावरचा) स्मोकर घ्या. लाकडाच्या ऑफसेटमध्ये (ज्याची जाळाची पेटी बाजूला असते) पाऊण-एक तासाने ओंडका घालावा लागतो. दाट पांढरा धूर विरेपर्यंत मांस ठेवू नका, त्याने कडवट चव येते.

रात्री १०. मांस जाळीवर ठेवा, चरबीची बाजू जाळ येतो त्या दिशेला. थर्मामीटरची एक सळई (प्रोब) फ्लॅटच्या जाड भागात मधोमध खुपसा, दुसरी जाळीवर ठेवा. झाकणावरच्या काट्यावर विसंबू नका. तिथलं आणि जाळीजवळचं तापमान बरंच वेगळं असू शकतं. अलार्म २२५ आणि २७५ वर लावा. तासभर तापमान स्थिर राहिलं की मगच झोपायला जा.

पहाटे ४ ते ७. आतलं तापमान १५० ते १७० च्या दरम्यान अडकतं आणि तासन्‌तास हलत नाही. स्मोकर बिघडलेला नसतो. मांसातलं पाणी पृष्ठभागावरून उडत असतं आणि मिळालेली उष्णता सोबत घेऊन जातं. मांस कागदात केव्हा गुंडाळायचं ते घड्याळ बघून ठरवू नका. वरचं काळपट कवच नखाने खरवडून पाहा. निघून आलं तर थांबा, घट्ट असेल तर गुलाबी बुचर पेपरमध्ये (मांस बांधायच्या जाड कागदात) दोन फेरे आवळून गुंडाळा. फॉइलने वेळ वाचतो, पण कवच मऊ पडतं.

सकाळी ११ पासून. १९५ ला तपासायला लागा. २०३ च्या आसपास बहुतेक तयार होतं, पण आकड्यापेक्षा हाताला काय लागतं ते महत्त्वाचं: प्रोब फ्लॅटमध्ये मऊ लोण्यात शिरावी तशी गेली पाहिजे. अडखळली तर अर्ध्या तासाने पुन्हा बघा.

दुपारी १२ ला अजून १७५ च असेल तर आच ३०० करा. गुंडाळल्यावर धूर आत फारसा शिरत नाही, त्यामुळे घरातला ओव्हनही चालतो.

तयार झाल्यावर. कागद सैल करून १८० पर्यंत उतरू द्या, नाहीतर आतल्या आत शिजत राहून भुगा होतो. मग पुन्हा गुंडाळून १५० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. ओव्हन इतका खाली जात नसेल तर कूलर (बर्फ ठेवायची जाड भिंतींची पेटी) उकळत्या पाण्याने तापवून, पुसून घ्या आणि मांस टॉवेलांत लपेटून त्यात ठेवा. प्रोब आतच राहू द्या. १४० च्या खाली जाऊ द्यायचं नाही.

संध्याकाळी ६:४५. पॉइंट आणि फ्लॅट वेगळे करा. दोघांचे धागे वेगवेगळ्या दिशेने जातात, म्हणून पॉइंट काटकोनात वळवून घ्या. धाग्यांना आडवे, पेन्सिलीएवढ्या जाडीचे काप करा. काप काही मिनिटांतच वाळायला लागतात, म्हणून ताटं मांडून झाल्यावरच सुरी हातात घ्या आणि लागतील तेवढेच कापा.